श्वान प्रदर्शनाला जाण्यापूर्वी



थंडी पडू लागली की आपल्या बेळगाव-निपाणी भागात, तसेच कोल्हापूर-सांगलीकडे श्वान प्रदर्शनांचे फलक दिसू लागतात. मागील वर्षी अशाच एका प्रदर्शनाची सूचना आम्ही प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली आणि ज्यांच्या घरी कुत्री आहेत त्यांनी अवश्य भाग घ्यावा, असे सांगितले. सहावीतील एक विद्यार्थी आपले अडीच महिन्यांचे पिल्लू खोक्यात घालून घेऊन गेला. पाचव्या दिवशी पिल्लाला उलट्या व रक्ताची हगवण सुरू झाली. आठव्या दिवशी ते गेले. "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना न्यायला?" असे त्याने विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून यंदा सूचनेआधी ही माहिती देत आहोत.

त्या रोगाचे नाव पार्व्हो. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीवर येतो व मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. माणसाच्या चपलेला लागूनही तो घरी येतो. फिनेलने सहसा मरत नाही, ब्लीचिंग पावडरचे पाणी लागते. माणसाला हा रोग होत नाही, पण लहान पिल्लाला तो प्राणघातक ठरतो. "एक इंजेक्शन झालंय की" असे त्या मुलाच्या घरचे म्हणाले, आणि ते खरेच होते. परंतु पिल्लाला आईच्या दुधातून जी प्रतिकारशक्ती मिळते, तीच सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते. ती केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. यास्तव सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यावे लागतात. शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लू गर्दीत नेऊच नये. रेबीजची लस वेगळी असते. ती तीन महिन्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी.

आता प्रदर्शनाविषयी. आपल्याला वाटते की सर्वांत देखणा कुत्रा जिंकतो. तसे नसते. प्रत्येक जातीची उंची, डोके, छाती, दात, चाल कशी असावी याचे लेखी मानक असते व परीक्षक त्याच्याशी ताडून पाहतात. म्हणून परीक्षकाने तोंड उघडले, पाय चाचपला तरी कुत्रा शांत उभा राहिला पाहिजे. ही सवय घरी महिनाभर आधी लावावी लागते.

सेंट बर्नार्ड, हस्की पाहून आपली मुले हरखून जातात. बर्फातील ही कुत्री आपल्या एप्रिल-मेमध्ये कशी धापा टाकत असतील, हा विचार आमच्या मनातून जात नाही. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ कुत्रा मात्र आपल्याच मातीतला. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीचे संवर्धन केले. महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात. २००५ साली तिचे टपाल तिकीट निघाले आणि २०१६ मध्ये भारतीय सेनेने मुधोळची पिल्ले मेरठ येथे प्रशिक्षणासाठी नेली. हा कुत्रा नजरेने शिकार हेरणारा व वेगवान. पण अनोळखी माणसाचा हात त्याला आवडत नाही. सशासारखे काही पळताना दिसले की तो हाका ऐकत नाही, तेव्हा पट्टा हातातून सोडू नये.

प्रवासाचेही थोडे. निपाणीहून महामार्गाने मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये कुत्रा दाबून आणलेला आम्ही पाहिला आहे. असे कदापि करू नये. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नये. पाणी व भांडे घरचेच न्यावे. तेथील सामायिक भांड्यात तोंड घालू देऊ नये. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्यामुळे मांडवात सावली नसेल तर दुपारपूर्वी परतावे. माजावर आलेली कुत्री घरीच ठेवावी. आणि पाहुण्यांसाठी घेतलेला कुंदा कौतुकाने कुत्र्याला भरवू नये.

लहान मुलांनी मालकाला विचारल्याशिवाय कोणत्याही कुत्र्याला हात लावू नये. दात किंवा नख लागलेच, तर लपवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये व त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचवणे जवळजवळ अशक्य असते; वेळेवर घेतलेल्या लसीने तो टळतो. मार बसेल म्हणून मुले घरी सांगत नाहीत. पालकांनी त्या दिवशी तरी रागावू नये.

यंदा भाग घेऊ इच्छिणाऱ्यांनी कुत्र्याचे लसीकरण पुस्तक वर्गशिक्षकांना दाखवावे, मगच नाव नोंदवले जाईल. चार महिने पूर्ण न झालेल्या पिल्लांची नावे घेतली जाणार नाहीत. मागील वर्षीच्या त्या विद्यार्थ्याने आता गल्लीतील एक पिल्लू पाळले आहे. त्याचा तिसरा डोस व्हायचा आहे. तो यंदा एकटाच, पिल्लाला घरी ठेवून, प्रदर्शन पाहायला येणार आहे; परत गेल्यावर चपला दाराबाहेर काढून ब्लीचिंगच्या पाण्याने धुणार, असे त्याने आम्हाला सांगितले.