हापूसची कोय पेरून हापूस येत नाही

दर मे महिन्यात गोड लागलेल्या हापूसची कोय धुऊन कुंडीत पुरली जाते आणि काही वर्षांत घरचा हापूस खायला मिळणार, अशी खात्री बाळगली जाते. तसे होत नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार होतो. पराग शेजारच्या पायरीचा असेल, नाहीतर बांधावरच्या रायवळाचा. त्यामुळे फळ आईवर जाईलच असे नाही, बहुधा जातच नाही. कोकणातला सगळा रायवळ असाच कोयीतून वाढला, म्हणून तर त्याची चव झाडागणिक बदलते. रायवळ मला मनापासून आवडतो. पण हापूस हवा असेल तर कलमच लावायला हवे.

कोयकलम बांधतात ते असे: रायवळाची कोय रुजून तांबूस पानांचा कोवळा कोंब आला की त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवायचे आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. पुढे जोडाच्या खालून फूट आली तर ती लगेच काढा. ती रायवळाची असते आणि वरच्या हापूसला मागे टाकून वाढते.

देवगड आणि रत्नागिरी या दोन जाती आहेत, असे बाजारात सर्रास बोलले जाते. जात एकच, हापूस. फरक पडतो तो जमिनीचा आणि हवेचा. कर्नाटकातून येणारा हापूसही त्याच जातीचा असतो. मात्र 2018 साली मिळालेले भौगोलिक मानांकन कोकणातल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला आहे. कर्नाटकचे फळ देवगड म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूकच.

आणि घरी लावायलाही हापूसच सर्वांत चांगला, हे तर मुळीच खरे नाही. तो बहुतेक वर्षाआड धरतो, शिवाय त्यात साका होतो, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो, आणि ते फळ कापल्याशिवाय कळत नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या रत्ना या जातीत साका नाही, आणि ती दरवर्षी धरते. त्याच केंद्राच्या सिंधूची कोय अगदी पातळ असते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत केसर लावा. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीसाठी माझी पसंती आम्रपालीला: दशेरी आणि नीलमचा हा संकर ठेंगणा राहतो.

भरपूर पाणी घातले की मोहरही भरपूर येतो, या समजापायी घरची झाडे नुसती पालवत राहतात. मोहराला थंडी लागते आणि त्याआधी पाण्याचा ताण. पाऊस सरला की जमिनीतल्या मोठ्या झाडाचे पाणी तोडा. कुंडीत मात्र वरची माती सुकू द्यायची आणि मगच थोडे घालायचे. फळ वाटाण्याएवढे झाले की पाणी पुन्हा सुरू करा. नव्या कलमाला पहिल्या दोन-तीन वर्षांत आलेला मोहर खुडून टाका, जिवावर आले तरी.