ओष्ठपूरण : शुश्रूषा व उपद्रव

ओठांचा फुगीरपणा वाढविण्यासाठी, त्यांची कडा रेखीव करण्यासाठी किंवा वयोमानाने अथवा इजेमुळे आलेली उणीव भरून काढण्यासाठी त्यांच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) जेलीसारखा पदार्थ सुईने टोचून भरतात. या क्रियेला ओष्ठपूरण आणि त्या पदार्थाला पूरकद्रव्य (व्यवहारात ‘फिलर’) म्हणतात. क्रिया अर्ध्या-पाऊण तासात आटोपते व बहुधा रुग्णालयात राहावे लागत नाही. यामुळेच ती केशकर्तनासारखी किरकोळ बाब आहे, असा समज पसरला आहे. वस्तुतः शरीरात बाह्य पदार्थ घालण्याची ही वैद्यकीय क्रिया असून तिचे धोके पुष्कळदा रुग्ण घरी परतल्यावर प्रकट होतात.

ओठांची दुरुस्ती भारतात नवी नाही. सुश्रुतसंहितेत नाक व कान यांच्याबरोबर ओठाच्या संधानाचाही विचार आला आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात व्रणिताची खोली, आहार व आचरण यांसाठी ‘व्रणितोपासनीय’ हा स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे शस्त्रकर्मानंतरच्या शुश्रूषेला कर्माइतकेच महत्त्व दिलेले दिसते. आधुनिक पूरकद्रव्यांचा प्रारंभ मात्र अपयशाने झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना येथील रोबेर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्याची पद्धत सुरू केली. परंतु ते जागा सोडून सरकते व त्याभोवती कठीण गाठी होतात, असे आढळल्याने ती मागे पडली. द्रवरूप सिलिकोनाबाबतही असेच अनुभव आले. गायीच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजेनास अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी अधिहर्षतेची (ॲलर्जीची) चाचणी घ्यावी लागे. सध्या बहुतेक ठिकाणी हायल्यूरॉनिक अम्लाचे जेल वापरतात. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गायीच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून वेगळे केलेले हे अम्ल मानवी त्वचेत व सांध्यांतही असते. नैसर्गिक स्वरूपात ते त्वचेत एक-दोन दिवसांतच विघटित होते; म्हणून त्याच्या रेणूंना रासायनिक दुव्यांनी एकमेकांशी जखडून टिकाऊ जेल तयार करतात. ओठांत ते साधारणतः सहा महिने ते एक वर्ष परिणाम दाखविते. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की, हायल्यूरॉनिडेज या एंझाइमाने ते विरघळविता येते. सिलिकोनासारख्या कायम स्वरूपाच्या द्रव्यांना असा उतारा नाही.

*भरून येण्याचा क्रम* : ओठ हा मुखवर्तुळी स्नायू, त्यावरील पातळ त्वचा व आतील श्लेष्मल कला यांचा बनलेला अत्यंत रक्तसंपन्न भाग आहे. त्यामुळे सुईच्या जखमा लवकर भरतात. पण सूज व रक्तस्राव हेही इतर भागांपेक्षा अधिक होतात. शिवाय हे जेल पाणी शोषून घेणारे असल्याने सूज वाढते. ती पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वाधिक असते. दोन्ही बाजू असमान दिसतात, ओठ ताठ वाटतात, हाताला लहान उंचवटे लागतात. आठवड्याभरात सूज बहुतांशी ओसरते. काळेनिळे डाग हिरवट-पिवळे होत सात ते दहा दिवसांत जातात. अंतिम आकार दोन ते चार आठवड्यांनी कळतो. त्यापूर्वी ‘अजून थोडे भरा’ असा आग्रह धरणे अनाठायी होय. लग्नाच्या आदल्या दिवशी ही क्रिया करून घेणाऱ्याच्या छायाचित्रांत ओठ नव्हे, तर सूज दिसते. समारंभ ठरला असल्यास किमान महिनाभर आधी करावी.

*शुश्रूषा* : पहिल्या दिवशी ओठांना विनाकारण हात लावू नये व प्रसाधने लावू नयेत, सुईची छिद्रे बुजेपर्यंत तीच जंतूंची वाट असते. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटे, मधूनमधून थांबून लावावा. उघडा बर्फ त्वचेस इजा करतो. झोपताना डोके उशीने उंच ठेवावे. मालीश वैद्याने सांगितल्याशिवाय करू नये. बधिरता असेपर्यंत गरम चहा घेऊ नये; ओठ भाजल्याचे कळत नाही. दोन दिवस मद्य, कडक व्यायाम व वाफारा टाळावा, कारण रक्तप्रवाह वाढून सूज व डाग वाढतात. दातांची कामे सुमारे दोन आठवडे पुढे ढकलावीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयविकाराच्या रुग्णाने ओठांवरील डाग टळावा म्हणून ॲस्पिरीन थांबविणे हा धोकादायक सौदा आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हे अंतःक्षेपण देत नाहीत.

सोलापूरसारख्या कोरड्या व उष्ण प्रदेशात, जेथे एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, या सूचनांना अधिक अर्थ येतो. उन्हात सूज वाढते, कोरड्या हवेने ओठ फुटतात आणि ते जिभेने ओले करण्याची सवय चिरांना आमंत्रण देते. साधे पेट्रोलियम जेली दुसऱ्या दिवसापासून लावता येते. पाणी भरपूर प्यावे. भारतीय त्वचेत दाहानंतर काळसर डाग राहण्याची प्रवृत्ती असल्याने भर उन्हात चेहरा झाकावा. शेंगांची चटणी व कडक भाकरी यांना दोन-तीन दिवस विश्रांती दिल्यास जेवण सुसह्य होते, इतकेच. अपथ्य म्हणून त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. तंबाखू व मिश्री यांचे तसे नाही. निकोटिनाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, भरून येण्यास विलंब लागतो आणि मिश्री लावताना बोट वारंवार ओठांना लागते.

*उपद्रव* : सर्वांत गंभीर उपद्रव म्हणजे रोहिणीरोध. आनन रोहिणीच्या शाखा (ऊर्ध्व व अधर ओष्ठ रोहिण्या) बहुधा स्नायू व श्लेष्मल कला यांच्या मधून जातात. परंतु त्यांचा मार्ग प्रत्येकात सारखा नसतो. जेल रोहिणीत शिरल्यास तिच्यावर अवलंबून असलेला भाग रक्ताला मुकतो. प्रथम तो पांढरा पडतो, मग त्यावर जाळीसारखी निळसर-जांभळी नक्षी उमटते. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन-तीन सेकंदांत परतत नाही. वेळीच उपचार न झाल्यास काही दिवसांत बारीक पुळ्या येतात व पुढे ऊतकमृत्यू होऊन व्रण राहतो. ही लक्षणे नाकाच्या बाजूस वा हनुवटीवरही दिसू शकतात. सावळ्या ओठांवर पांढरेपणा सहज दिसत नाही. अशा वेळी ओठ उलटून आतील श्लेष्मल कला पाहावी. वेदना हे महत्त्वाचे लक्षण खरे, पण बहुतेक जेलमध्येच लिग्नोकेन हे बधिरीकारक मिसळलेले असल्याने ती उशिरा जाणवते. वाढत जाणारी, सुजेच्या मानाने अति वाटणारी वेदना सर्वसाधारण मानू नये. जेल क्वचित डोळ्याच्या रोहिणीपर्यंत पोहोचून दृष्टी जाते. ओठांच्या बाबतीत हे फार विरळ असले, तरी दृष्टीत कोणताही बदल झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

उपचार म्हणजे हायल्यूरॉनिडेजाची मोठी मात्रा त्या सर्व भागात टोचणे व रंग परत येईपर्यंत ती तासातासाने पुन्हा देणे. जितके लवकर तितके ऊतक वाचते. याच्या जोडीला कोमट शेक व हलके मर्दन करतात. येथे बर्फ वर्ज्य आहे, कारण त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. या एंझाइमाची क्वचित अधिहर्षता असते व मधमाशीच्या विषातही तेच असल्याने दंशाने पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेल्यांनी तसे आधीच सांगावे.

येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. सोलापूरहून अनेक जण अशा क्रियांसाठी सु. २५० किमी. दूर असलेल्या पुण्यास किंवा मुंबईस जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाल्यापासून एका दिवसात जाऊन येणे अधिक सोपे झाले. बधिरता दौंड-कुर्डुवाडीच्या सुमारास उतरते आणि शंकास्पद वेदना घरी पोहोचल्यावर ध्यानात येते; तोवर सुई टोचणारा वैद्य पाच तासांच्या अंतरावर असतो. यासाठी काही पथ्ये पाळणे शहाणपणाचे आहे. निघण्यापूर्वी वापरलेल्या द्रव्याचे नाव व मात्रा लेखी घ्यावी, रात्री चालणारा दूरध्वनी क्रमांक घ्यावा व शक्य तर पहिली रात्र त्याच गावी काढावी. घरी लक्षणे दिसलीच, तर परत पुण्याची गाडी धरू नये. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६३) व त्याचे रुग्णालय आहे. तेथे किंवा जवळच्या त्वचारोगतज्ञाकडे जावे. हायल्यूरॉनिडेज हे औषध नेत्रतज्ञ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भुलीच्या औषधात मिसळतात. त्यामुळे सौंदर्योपचार न करणाऱ्या पण नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयातही ते मिळण्याचा संभव असतो. ही गोष्ट रुग्णाला ठाऊक असणे उपयोगी ठरते.

इतर उपद्रवांपैकी परिसर्पाचा (हर्पिस) पुनरुद्भव वारंवार आढळतो. सुईच्या आघाताने सुप्त विषाणू जागा होऊन दोन-तीन दिवसांत झोंबणारे पाणीदार फोड येतात. पूर्वी असे फोड आलेल्यांना आधीच विषाणुरोधक गोळ्या देतात. जंतुसंसर्गात लाली, ऊब व ठणका दिवसागणिक वाढतो, तर साधी सूज कमी होत जाते. हाच दोहोंतील भेद. तासाभरात ओठ, जीभ व घसा सुजून श्वास अडू लागल्यास ती तीव्र अधिहर्षता असून तातडीचे उपचार लागतात. जेल फार वरच्या थरात गेल्यास निळसर छटा दिसते. ती प्रकाशाच्या प्रकीर्णनामुळे असते व टिंडल परिणाम या नावाने ओळखली जाते. महिन्यांनंतर उद्भवणाऱ्या गाठी हा निराळा प्रकार आहे. त्या जंतूंच्या सुप्त थरामुळे किंवा प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेमुळे (कणार्बुद) होतात. ज्वर, दातांचा संसर्ग किंवा लसीकरण यांनंतर त्या सुजू शकतात. करोना लशीच्या एका चाचणीत पूरकद्रव्य घेतलेल्या तिघांच्या चेहऱ्यावर वा ओठांवर अशी सूज आल्याची नोंद २०२० मध्ये झाली. ती सूज उपचाराने ओसरली.

भारतीय त्वचारोगतज्ञांच्या संघटनेने पूरकद्रव्यांच्या वापराबाबत मार्गदर्शक सूचना २००८ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. सुईविना दाबाने जेल आत सोडणारी ‘पेन’ नावाची साधने घरी वा सौंदर्यप्रसाधनगृहात वापरली जातात; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांविरुद्ध इशारा दिला. ती वापरणाऱ्याजवळ बहुधा एंझाइम नसते आणि रोहिणी कोठून जाते याचे ज्ञानही नसते.