स्वाध्यायाची दोन तपे

१९७० साली सिडकोची स्थापना होऊन मुंबईच्या खाडीपलीकडच्या भातशेतांवर आणि मिठागरांवर नवे शहर आखण्यास आरंभ झाला, तेव्हा शाळा, बाजार, बगिचे, एवढेच नव्हे तर स्मशानभूमी यांनाही नकाशावर आपापली जागा मुक्रर करून मिळाली. परंतु ज्याला गुरू नाही, वर्ग नाही आणि परीक्षकही नाही अशा विद्याभ्यासाला कोणत्या सेक्टरात भूखंड द्यावा, हा प्रश्न नियोजनकारांपुढे उभा राहण्याचे प्रयोजनच नव्हते. पुढे हा अभ्यास याच शहराच्या सदनिकांत आणि पनवेल लोकलच्या डब्यांत विनापरवाना वाढला. संकेतस्थळे बांधण्याची विद्या घरबसल्या हस्तगत करू पाहणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनी पेशाच्या गृहस्थाची हकीकत त्या वाढीहून वेगळी काढता येत नाही, म्हणून ती येथे नोंदवतो.

२००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-प्रमाणपत्राच्या पाट्या वाशीपासून बेलापूरपर्यंत गल्लोगल्ली झळकू लागल्या. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यामुळे निवृत्तीकडे झुकलेले हेडक्लार्क आणि मिसरूड फुटलेली पोरे एकाच बाकावर बसून माऊस हाताळू लागली, हे दृश्य मला आजही लोकशाहीचे एक प्रसन्न रूप वाटते. परंतु तेथे शिकवीत ते संगणक वापरणे. संकेतस्थळ घडवण्याचा मार्ग निराळा होता, आणि तो ब्राउझरमध्येच दडलेला होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्नच्या प्रयोगशाळेत ज्या जाळ्याची कल्पना मांडली, त्याच्या पानाचा मूळ मजकूर कोणाही वाचकाला उघडून पाहता येत असे. परक्याचे दप्तर असे राजरोस चाळावे, त्यातील टेबलांची गुंतागुंतीची रचना उतरवून घ्यावी, एखादी ओळ गाळून काय कोसळते ते पाहावे, हीच त्या काळची पाठशाळा होती. तिला शुल्क नव्हते आणि तिच्यातील प्रत्येक धडा कोणाच्या तरी प्रत्यक्ष गरजेतून लिहिलेला होता.

ही पाठशाळा हळूहळू बंद पडली, आणि अभ्यासक्रमांचे पेव फुटले ते नेमके त्याच सुमारास, हा निव्वळ योगायोग होता असे मला वाटत नाही. २००६ साली जेक्वेरी हे तयार कोडचे भांडार आले, २०१३ मध्ये त्याच जातीचे रिअ‍ॅक्ट सर्वांसाठी खुले झाले, आणि पानाचा मूळ मजकूर यंत्राने दाबून, घट्ट बांधून पाठवण्याची वहिवाट पडल्यावर तो उघडून पाहणाऱ्याच्या हाती अर्थहीन अक्षरांचा ढीग तेवढा उरू लागला. जे पूर्वी वाचून कळत असे, ते आता कोणीतरी समजावून सांगण्याची निकड निर्माण झाली. २०११ च्या शरदात स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी आपले वर्ग जगाला खुले केले, पाठोपाठ कोर्सेरा आणि एडएक्स अवतरले, २०१४ मध्ये फ्रीकोडकॅम्प निघाले. आणि ज्याने कधी अमेरिकेचे तोंड पाहिले नव्हते, त्याच्या नेरूळमधल्या स्वयंपाकघरात कॅलिफोर्नियातील गुरुजी रात्री अकरानंतर बोलू लागले. अकरानंतर यासाठी, की तोवर घरातील मंडळी निजलेली असत.

या सर्व गर्दीत ज्या उपक्रमाचे ऋण मी विशेषत्वाने मानतो, तो आमच्या खाडीपलीकडे पवईतच सुरू झालेला होता. आयआयटी मुंबईत रासायनिक अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ असत. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला आपले काम ठेवून, सांगणारा जे करील ते तत्क्षणी करून पाहावे, अशी त्याची पद्धती होती. त्यातील अनेक पाठ मराठीत ध्वनिमुद्रित झालेले होते. निवेदन काहीसे संथ आणि एकसुरी असे, हे मान्य करूनही मी म्हणेन, की शिकणारा एकटा आहे, त्याच्याजवळ बसून शंका फेडणारे कोणी नाही, ही वस्तुस्थिती गृहीत धरून प्रत्येक पायरी आखणारे पाठ मला अन्यत्र क्वचितच आढळले. परदेशी अभ्यासक्रमांचे निवेदक अधिक रंजक असत; पण रंजकतेच्या भरात मधली पायरी गाळण्याची खोड त्यांना होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, आणि तिचा कारभार ज्या घणसोलीच्या संकुलातून चालतो त्याच्यासमोरून लोकलने जाणारे तरुण मांडीवरच्या फोनात कोडचे पाठ पाहू लागले. नेटपॅकचा हिशेब करण्याचे दिवस सरले. २०१७ साली केंद्र सरकारचे स्वयम् हे अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले, २०२० च्या टाळेबंदीत तर सर्टिफिकेटांना ऊत आला. महापे आणि ऐरोलीच्या कचेऱ्यांत मुलाखतीस जाणारी मुले ती सर्टिफिकेटे फाइलीत लावून नेत, आणि तेथे बहुधा एकच प्रश्न विचारला जाई: तुम्ही बनवलेले काही चालू स्थितीत आहे का? या प्रश्नापुढे पुष्कळांची पंचाईत होई, कारण सर्वांनी तेच बनवलेले असे: कामांची यादी, हवामानाचा तक्ता, बुटांचे काल्पनिक दुकान. अभ्यासक्रम साऱ्या जगासाठी असल्याने त्यातील उदाहरणे जगात कोणाचीच नव्हती.

मला स्वतःला ही विद्या वश झाली ती आमच्या नोडमधील एका लहानशा मराठी वाचनालयाची सूची ऑनलाइन करण्याचे काम अंगावर आले तेव्हा. पुस्तके अकारविल्हे लावणे ही कोणत्याही अभ्यासक्रमातील एका ओळीची बाब, ती ओळ मी लिहिली, आणि ग्रंथपालबाई चष्मा सावरत म्हणाल्या, “अहो, ज्ञानेश्वरी ‘ज’च्या खणात कशी काय आली?” संगणक वर्णमाला जाणत नाही, तो प्रत्येक अक्षराला नेमून दिलेला क्रमांक तेवढा पाहतो. त्याच्या लेखी ‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ यांचे जोडकाम, ‘ळ’ हा ‘ल’च्या लगत बसलेला, म्हणून ‘काळ’ हा ‘काव्य’च्या आधी, आणि ‘ॲ’ला युनिकोडमध्ये २००८ साली प्रवेश मिळाल्यामुळे त्याचा क्रमांक इतका मागचा, की ॲरिस्टॉटलवरील पुस्तक ‘ह’च्याही पलीकडे जाऊन बसले. तुलना मराठीच्या नियमांनी करावी असा हुकूम स्पष्ट शब्दांत दिल्यावर हे सारे ठिकाणावर आले. तसेच अक्षरांच्या वळणाचे. पान मराठीत आहे असे त्याच्या माथ्यावर जाहीर केल्यावाचून अनेक टंक ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात, ही गोष्ट मला कोणत्याही गुरुजींनी सांगितली नव्हती, आणि त्यांनी ती सांगावी अशी अपेक्षाही अन्यायाची ठरली असती.

शोधाचे प्रकरण मात्र अद्याप मिटलेले नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. वाचनालयातील निम्म्या ग्रंथांची नावे त्यापूर्वीची, म्हणजे ‘कांहीं’ आणि ‘घरांत’ या थाटाची, आणि शोधणारा वाचक लिहितो ‘काही’ आणि ‘घरात’. शोधापुरते सर्वच अनुस्वार दुर्लक्षावेत अशी तोड मी काढली, तेव्हा ‘पंत’ लिहून मोरोपंतांचा माग काढणाऱ्या एका वयोवृद्ध सभासदांसमोर सहकारी पतसंस्थांची मार्गदर्शिका येऊन उभी राहिली. तंतोतंत जुळणारी नावे आधी आणि अनुस्वारनिरपेक्ष जुळणारी त्यांच्याखाली, अशी तजवीज सध्या केलेली आहे. ग्रंथपालबाईंनी तिच्यावर मंजुरीचा शेरा अजून मारलेला नाही.