गन लॉक, गन सेफ आणि स्मार्ट गन: मुलांना बंदुकीपासून दूर ठेवणारं तंत्रज्ञान नेमकं कसं काम करतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फोर्ट्रेस सेफ या कंपनीच्या सुमारे ६१,००० बायोमेट्रिक तिजोऱ्या परत मागवल्या. बंदूक ठेवायच्या या तिजोऱ्या बोटाच्या ठशाने उघडतात. मालकाला वाटायचं आपला ठसा सेट झाला, पण तिजोरी भलत्याच बोटाने उघडायची. अशा ३९ तक्रारी आल्या होत्या. याच तिजोरीतून काढलेल्या बंदुकीने १२ वर्षांच्या मुलाचा जीव गेला, असा एक दावाही न्यायालयात दाखल झाला होता.

म्हणजे कुलूप होतं, पण ते बंद नव्हतं. म्हणूनच यातलं कोणतं उपकरण काय करतं आणि काय करत नाही, हे आज समजून घेऊया.

आमच्या घरी बंदूक नाही, मग हे कशाला वाचायचं?

अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचं हेच म्हणणं असतं. पण मुलं शेजारी खेळायला जातात, स्लीपओव्हरला जातात. नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांसाठी गेलेले आजी-आजोबा त्यांना मित्राच्या घरी सोडून येतात. २०२१ च्या एका सर्वेक्षणावरून काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतली सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात, जिथे किमान एक बंदूक गोळी भरलेली आणि कुलुपाविना असते. २०२० पासून तिथल्या १ ते १९ वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हे आहे. अपघात, हत्या आणि आत्महत्या हे तिन्ही त्यात आले.

मुलाला नीट समजावलंय, तेवढं पुरेसं नाही का?

नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत ठेवलं होतं. ड्रॉवरमध्ये खरी, पण निकामी केलेली हँडगन लपवलेली होती. २९ पैकी २१ गटांना ती सापडली. त्यातल्या १६ गटांनी ती हाताळली आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. हात लावणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना बंदुकीबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. सापडलेली वस्तू खरी की खेळण्यातली, हेच अनेकांना कळलं नव्हतं.

'लहान मुलाला चाप ओढता येणार नाही' हाही गैरसमजच. ३-४ वर्षांच्या दर चार मुलांपैकी एकाच्या बोटांत बाजारातल्या बऱ्याच हँडगनचा चाप ओढण्याइतकी ताकद असते. ७-८ वर्षांपर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर जातं.

'रिकामी' बंदूक रिकामी असतेच असं नाही

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. पण एक गोळी वर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, आधीच चढलेली असू शकते. मॅगझिन काढलं तरी ती तिथेच राहते आणि बहुतेक पिस्तुलांतून ती सुटूही शकते. 'मॅगझिन काढून ठेवलंय' या वाक्यावर म्हणूनच विसंबू नका.

कुलुपांचे प्रकार

केबल लॉक: प्लास्टिकचं आवरण असलेली स्टीलची तार आणि तिला कुलूप. पिस्तुलात ही तार वरच्या खाचेतून घालून मॅगझिनच्या जागेतून बाहेर काढतात. तार मधे असल्यामुळे स्लाइड पुढे जाऊन बंद होत नाही, त्यामुळे गोळी चढवताही येत नाही आणि झाडताही येत नाही. शिवाय बंदूक रिकामी केल्याशिवाय तार बसतच नाही. अमेरिकेत 'प्रोजेक्ट चाइल्डसेफ'मार्फत अनेक पोलीस ठाण्यांत हे लॉक मोफत मिळतं.

ट्रिगर लॉक: चापाच्या दोन्ही बाजूंनी बसणारे दोन तुकडे. गोळी भरलेल्या बंदुकीला हे लावायचं नसतं, कारण बसवतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

गन सेफ: किल्ली, नंबर किंवा ठशाने उघडणारी तिजोरी. हिच्यात बंदूक मुलाच्या नजरेसही पडत नाही. मात्र छोटी तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली नसेल तर ती तशीच उचलून नेता येते.

गोळ्यांसाठी वेगळी कुलूपबंद जागा हवी. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्ला असा: बंदूक घरात नसणं सगळ्यात सुरक्षित. असेलच तर ती रिकामी, कुलपात, आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात.

बायोमेट्रिक तिजोरी घेतली असेल तर

अशा काही तिजोऱ्या नव्या असताना कुठल्याही बोटाने उघडतात. ठसा व्यवस्थित नोंदवला गेला तरच त्या इतरांना बंद होतात. नोंदणी अर्धवट राहिली, तर तुमच्या बोटाने तिजोरी उघडते आणि तुम्हाला वाटतं झालं काम! म्हणून नोंदणी झाल्यावर न नोंदवलेलं बोट लावून बघा, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही लावायला सांगा. तिजोरी उघडली नाही पाहिजे. बॅटरी बदलल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. मॉडेल परत मागवलेल्यांच्या यादीत आहे का, हे आयोगाच्या वेबसाइटवर तपासा. आणि तिजोरीची जादा किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

नंबरचं कुलूप असेल तर कंपनीने दिलेला कोड पहिल्याच दिवशी बदला. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये १५ वर्षांच्या मुलाने गोळीबार करून चार विद्यार्थ्यांना मारलं. खटल्यात पुढे आलं की बंदुकीसोबत मिळालेलं केबल लॉक पाकिटातून काढलेलंच नव्हतं, आणि घरातल्या गन सेफचा कोड कंपनीचाच होता: ०-०-०. २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईवडिलांना प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

स्मार्ट गन हा उपाय आहे का?

मालकाच्याच हातात चालणारी बंदूक म्हणजे स्मार्ट गन. जर्मन कंपनी आर्मॅटिक्सचं आयपी-१ पिस्तूल सोबतचं घड्याळ जवळ असेल तरच चालायचं. २०१७ मध्ये एका हॅकरने साध्या लोहचुंबकांनी ते झाडून दाखवलं. कोलोरॅडोच्या बायोफायरने २०२३ मध्ये ठसा आणि चेहरा ओळखणारं पिस्तूल आणलं, किंमत १,४९९ डॉलर. पण घरोघरी आधीपासून असलेल्या कोट्यवधी साध्या बंदुका यामुळे बदलत नाहीत. त्यांना कुलूपच लागतं.

मोठी मुलं

'बंदूक कुठे आहे हे आमच्या मुलाला माहीत नाही' असं म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के जणांच्या मुलांनी ती जागा माहीत असल्याचं २००६ च्या एका अभ्यासात सांगितलं. तेव्हा लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. मूल खचलेलं, एकटं-एकटं वाटत असेल, तर बंदूक काही काळ घराबाहेरच ठेवणं योग्य. निराशेची लाट अनेकदा ओसरते, मात्र तेवढा वेळ मिळायला हवा. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो.

दुसऱ्याच्या घरी पाठवताना

विचारायला अवघड वाटतं, खरंय. पण घरात कुत्रा आहे का, स्विमिंग पूलला कुंपण आहे का, हे आपण विचारतोच. त्याच ओघात विचारा: "घरात गन असेल तर ती लॉक असते ना?" उत्तर पटलं नाही तर भांडू नका, "या वेळी आमच्याकडे खेळू दे" म्हणा.

आणि मुलाला, तसंच आजी-आजोबांनाही, एवढं सांगून ठेवा: बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर पडायचं, मोठ्यांना सांगायचं. मोठ्यांनीही ती 'रिकामी करून बघायची' नाही. मुलांना बाहेर काढायचं, घरमालकाला बोलवायचं आणि धोका वाटला तर ९११.