ताकद मनगटात नाही, पिळात!

हॉस्टेलवर राहिला असाल, तर हे तुम्ही केलंच असणार. बादलीत भिजवलेली जाड चादर काढायची आणि पिळायला घ्यायची. नुसत्या मनगटांवर जोर दिलात तर दोन मिनिटांत हात भरून येतात आणि पाणी चादरीत तसंच. मग आपोआप काय होतं? तुम्ही पाय घट्ट रोवता, कंबर वळवता, अख्खं अंग कामाला लावता. चादर मुकाट पाणी सोडते.

ताई-चीमधली ताकद साधारण अशीच तयार होते.

ताई-ची म्हटलं की बागेत स्लो मोशनमध्ये हात फिरवणारे आजी-आजोबा आठवतात ना? मलाही तेच आठवायचं. पण ही मुळात लढण्याची कला. चीनच्या हेनान प्रांतातलं चेनजियागौ हे तिचं गाव. परंपरा तिचं श्रेय सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग या योद्ध्याला देते. त्याच घराण्याच्या चेन शैलीत या पिळाला खास नाव आहे, ‘चान-स-जिन’. म्हणजे रेशीम गुंडाळणारा जोर. कोशातून रेशमाचा धागा काढताना हिसका दिला की तो तुटतो, म्हणून एका लयीत ओढत राहायचं. शरीरही तसंच फिरवायचं, न तुटता. चेन शिन यांनी आपल्या पुस्तकात माणसाच्या आकृतीवर या पिळाच्या रेषाच काढून दाखवल्या. ते गेले 1929 मध्ये आणि पुस्तक छापून आलं 1933 मध्ये.

आता यामागचं गणित. तळपाय जमिनीला दाबतो, जमीन उलट जोर देते. तो जोर पायातून खुब्यात येतो, खुबा वळतो, त्याच्यामागोमाग कंबर, मग पाठ, खांदा, कोपर आणि शेवटी तळवा. हातही सरळ जात नाही, स्क्रूसारखा स्वतःभोवती फिरत जातो. मांड्या आणि कमरेचे स्नायू दंडापेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे काम ते करतात आणि हात फक्त माल पोचवतो. भाला फेकताना नीरज चोप्राची कंबर आधी वळते आणि हात मागून येतो, ते आठवा. तत्त्व तेच. दुसरा फायदा बचावाचा. फिरत्या गोष्टीवर आलेला धक्का थेट बसत नाही, बाजूला घसरतो.

हे सगळं हळू करायचं, कारण साखळीची कुठली कडी निसटतेय ते वेगात कळत नाही. जमलं की तोच पीळ झटक्यात सोडायचा. त्याला ‘फा-जिन’ म्हणतात. चेन शैलीचा ‘पाओ चुई’ हा दुसरा संच एकदा बघाच, ‘स्लो मोशन’ हा शब्द विसराल!

मग ताई-चीवाला कुणालाही लोळवतो का? नाही हो. 2017 मध्ये चेंगडूत वेइ लेइ नावाचे ताई-ची मास्टर एमएमए फायटर शू श्याओदोंगसमोर काही सेकंदांत आडवे झाले. व्हिडिओ जगभर फिरला, ताई-ची म्हणजे फसवणूक असंही लोक म्हणाले. मला त्यातून वेगळंच दिसतं. पीळ खोटा नाही, पण नुसत्या पिळाने मारामारी जिंकता येत नाही. त्यासाठी समोर प्रतिकार करणारा माणूस घेऊन सराव लागतो. आणि न शिवता माणूस उडवणाऱ्या रील्सवर तर विश्वासच ठेवू नका. जमीन, पाय आणि कंबर यांच्यापलीकडे यात काही जादू नाही.

आता माझी फजिती. हे सगळं मी व्हिडिओ बघून गच्चीवर सुरू केलं. दहाव्या दिवशी जिना उतरताना उजवा गुडघा बोलायला लागला. फिजिओथेरपी शिकणाऱ्या मैत्रिणीने मला करून दाखवायला लावलं आणि कपाळावर हात मारला. मी कंबर वळवतच नव्हते, गुडघा पिळत होते! शाळेत शिकलोय आपण, खुबा म्हणजे उखळीचा सांधा, सगळीकडे फिरतो. गुडघा मात्र बिजागरीचा. दाराची बिजागरी पिळली तर काय होईल?

करून बघायचंय? पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे किंचित वाकलेले. डावा हात कमरेवर. उजवा हात पोटासमोरून वर, छातीसमोरून उजवीकडे बाहेर आणि पुन्हा खाली असा गोल फिरवा. हात बाहेर जाताना वजन उजव्या पायावर, आत येताना डाव्या. हात मुद्दाम हलवू नका, कंबर नेईल तिकडे जाऊ द्या. आणि नजर सतत गुडघ्यावर. तो पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहिला पाहिजे, आत कलला की थांबा. दुखलं तर त्या दिवशी बंद, आणि शक्यतो शिक्षकांसमोरच शिका.

माझा गुडघा आता गप्प आहे. रोज पाचच मिनिटं करते, खूप हळू. फा-जिनला अजून वेळ आहे, पण चादर मात्र एका दमात पिळून होते.