फांदी वाळली? आधी बेचकं बघा

संत्र्याचं नाहीतर पेरूचं झाड हिरवंगार असताना एखादीच फांदी वाळू लागली, की आपण पाण्याला दोष देतो. त्याआधी झाडाच्या बेचक्यात बघा. सालीवर भुशाची आणि विष्ठेची तपकिरी जाळी पट्ट्यासारखी चिकटलेली असेल, तर ते काम साल खाणाऱ्या अळीचं.

ही अळी दिवसा बेचक्यातल्या भोकात दडून राहते आणि रात्री जाळीच्या आडोशानं साल कुरतडते. त्यामुळे बागेत रोज फिरणाऱ्यालाही ती दिसत नाही. साल गेली की पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही. फांदी अशक्त होते, पोखरलेली असेल तर वाऱ्यानं मोडते. जुन्या, दाट आणि छाटणी न झालेल्या बागांत हा उपद्रव जास्त.

हिचा पतंग उन्हाळा सरताना निघतो आणि सालीच्या भेगांत अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अळी बाहेर पडते, ती पुढे नऊ-दहा महिने त्याच झाडावर मुक्काम ठोकते. वर्षाला पिढी मात्र एकच. म्हणजे हिवाळ्यात अळी मारली, की पुढच्या पावसाळ्याची अंडीच टळली.

जाळी खराट्यानं झाडा. भोक उघडं पडलं की सायकलची जुनी आरी आत घालून अळी टोचून मारा. खोल असेल तर रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबून वरून चिखल लिंपा. त्या वेळी विडी-काडी लांब ठेवा, हे सांगायला नकोच! आठवड्यानं पुन्हा बघा. ताजा भुसा दिसला, तर अळी जिवंत आहे.

जुन्या पुस्तिकांत या बोळ्यासाठी डायक्लोरव्हॉस सांगितलेलं आढळेल. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. घरात उरलेली बाटली असली, तरी वापरू नका.

सरपंच आणि सदस्यांसाठीही एक काम आहे. ही अळी आंबा, बोर, शेवगा, बाभूळ यांवरही जगते. तुम्ही बाग साफ केली आणि शेजारची पडीक बाग तशीच राहिली, तर पतंग तिथून येणारच. मालक शहरात असेल तर पंचायतीनं त्याला निरोप धाडावा, आणि शाळेच्या आवारातली, रस्त्याकडेची झाडं मार्चच्या आत तपासून घ्यावीत.