दोघांचा दर्या

सागरी साहसांचा आढावा आपल्याकडे स्लोकमपासून सुरू होतो, चिचेस्टर आणि नॉक्स-जॉन्स्टनवरून आपल्या कमांडर दिलीप दोंद्यांपर्यंत येतो आणि तिथेच संपतो. या सर्व एकट्या दर्यावर्दींविषयी मला आदर आहे. पण एकट्याचं ते धाडस आणि जोडप्याची ती सहल, असं मानणाऱ्या समीक्षकांशी माझं भांडण जुनं आहे. दोघांच्या नौकेवर रात्रंदिवस पाळ्या चालतात. एक सुकाणूवर, एक झोपलेला. झोपणाऱ्याने आपला जीव जागणाऱ्याच्या हाती सोपवलेला असतो. एकट्या दर्यावर्दीला हे ओझं नसतं.

एरिक आणि सुझन हिसकॉक यांनी 1952 ते 1955 या काळात 30 फुटी ‘वाँडरर थ्री’तून जगप्रदक्षिणा केली. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. लिन आणि लॅरी पार्डी 24 फुटी ‘सेराफिन’मधून इंजिनाशिवाय जग फिरले. बेली दांपत्याची नौका 1973 मध्ये व्हेलच्या धडकेने बुडाली आणि ते पॅसिफिकमध्ये 117 दिवस तराफ्यावर तगले, हेही सर्वश्रुत आहे.

मला सांगायचं आहे ते माइल्स आणि बेरिल स्मीटन यांच्याबद्दल. माइल्स हॉडसन्स हॉर्स या भारतीय घोडदळातला अधिकारी. 1939 मध्ये दोघांनी तरुण तेनसिंगला घेऊन तिरिच मीरवर चढाईचा प्रयत्न केला होता. शिडं हाताळण्याचा अनुभव नसताना त्यांनी 46 फुटी सागवानी ‘त्झू हांग’ विकत घेतली आणि समुद्रावरच शिकले. 1956 च्या डिसेंबरात मेलबर्नहून केप हॉर्नकडे निघाले; सोबत जॉन गझवेल हा तरुण सुतार-खलाशी होता.

14 फेब्रुवारी 1957. सुकाणूवर बेरिल. मागून आलेल्या प्रचंड लाटेने नौका नाळेवरून पालथी घातली. बेरिलच्या कमरेचा दोर तुटला, ती समुद्रात फेकली गेली. दोन्ही डोलकाठ्या गेल्या, सुकाणू गेलं, केबिनचं छप्पर उडून डेकवर मोठं भगदाड पडलं. खांदा दुखावलेला, चेहरा रक्ताने माखलेला, तरी बेरिल तुटक्या डोलकाठीपर्यंत पोहत आली. दोघांनी तिला वर ओढलं आणि तिने लगेच पाणी उपसायला बादल्या शोधून आणल्या. फुटक्या नौकेला जुजबी शीड बांधून ते चिलीच्या किनाऱ्याला लागले. डिसेंबरात नवरा-बायको दोघंच पुन्हा निघाले आणि पुन्हा उलटले. अखेर 1968 मध्ये, एका साथीदारासह, त्यांनी हॉर्न पार केलं.

त्या पिढीत सुझन, लिन, बेरिल यांना नौकेवरचं काम परकं नव्हतं. आता यंत्र सुकाणू धरतं, उपग्रह वाट दाखवतो. यंत्रांना माझा विरोध नाही. पण नौकेची सारी विद्या एकाच्याच हाती राहते आणि दुसऱ्याला शीड उतरवताही येत नाही, अशी जोडपी मी बंदराबंदरांत पाहतो, तेव्हा काळजी वाटते. तो एक पाण्यात पडला, तर त्याला परत आणणार कोण?

दोंद्यांची नौका ‘म्हादेई’ गोव्यात बांधली गेली. आपल्या किनाऱ्यावर कारागीर आहेत, शिकवणारे आहेत. ज्यांना जोडीने समुद्रावर जायचं आहे, त्यांनी आधी दोघांनीही सारं शिकावं. आणि एकट्यांच्या कथा वाचून झाल्या असतील, तर माइल्सचं ‘वन्स इज इनफ’ जरूर वाचावं.